टेकू काढायचा राहिला

अर्थखात्यात त्याला सगळे दशांश म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर 'सर'. पण तो जिना चढून वर आला की कारकून एकमेकांना डोळ्यांनी खुणावत, "आले बघा दशांश, आता फाइल परत येणार." आणि फाइल परत यायचीच. कुणी एखाद्या खर्चापुढे 'सुमारे साठ कोटी' लिहिलं की याच्या कपाळाला आठी. "सुमारे म्हणजे किती? दुकानात गेलात की सुमारे पैसे देता का?" गोल आकडा दिसला की कुणीतरी अंग चोरलंय असं त्याला वाटायचं. पूर्णांकापुढे एखादा आकडा दिसला म्हणजे त्याचा जीव भांड्यात पडायचा.

एकतीस वर्षं त्याने हेच केलं. आला तेव्हा सव्विशीचा होता, विद्यापीठातून थेट, डोक्यात प्रबंध घेऊन. गरिबाच्या खिशातून मीठ, साबण, काडेपेटी अशा आडवाटांनी किती कर जातो, ते त्याला मोजायचं होतं. दोन वर्षं सरकारात काढू, खरे आकडे हाती लागतील, मग परत जाऊन लिहून काढू, असा बेत. प्रबंध राहिला कपाटात आणि हा राहिला खात्यात. सात अर्थमंत्री त्याने पाहिले. एकाला भाषणात टाळ्यांच्या जागा आधी हव्या असत, आकडे मागाहून. एकाला तूट आणि कर्ज यांतला फरक शेवटपर्यंत कळला नाही, आणि बघा, तोच सगळ्यांत लोकप्रिय निघाला. दशांश मात्र मान खाली घालून तक्ते करत राहिला. सल्लागार झाला, केस गेले, चष्म्याचे नंबर वाढले. आपण निदान खोटं तरी लिहीत नाही, एवढीच त्याची मिजास होती.

घरी तिघंच. तो, बायको आणि ताई. ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले, तेव्हा हिनेच त्याला वाढवला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन आणि तोंडाचा पट्टा चालू. त्याच्या कॉलेजच्या फीसाठी तिने जादा पाळ्या केल्या, लग्नाचं नाव काढू दिलं नाही, आणि ह्या दोन्ही गोष्टी ती त्याला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायची. "धाकट्या, माझ्या जिवावर साहेब झालायस, भाव खाऊ नकोस." तिच्यात आणि बायकोत दिवसाला दोन भांडणं व्हायची, आणि दोघींचं एकमेकींवाचून पान हलायचं नाही.

दीड वर्षापूर्वी ताईला अर्धांगाचा झटका आला. हातपाय दोनेक महिन्यांत सावरले. वाचा गेली. सगळं कळायचं हो तिला. रेडिओवरची बातमी कळायची, भाजी खारट झालेली कळायची, तुम्ही तिच्याबद्दल दबक्या आवाजात बोललात तर तेही कळायचं. बोलायला तोंड उघडलं की मात्र नुसता वारा. जिने आयुष्यभर अख्ख्या शहराला एकमेकांशी जोडून दिलं, ती बाई पाणी हवं तर पेल्याकडे बोट करायची. दशांशला ते बघवायचं नाही. तो स्वयंपाकघरात जाऊन उभा राहायचा.

सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला, धोबीखान्याला लागून, दोन खोल्यांचं वाचा-केंद्र होतं. सगळ्या शहरात असं एकच. एक मोठा आरसा, गोल मांडलेल्या सात खुर्च्या आणि मॅडम. मॅडम म्हणजे तिथल्या एकुलत्या एक स्पीच थेरपिस्ट, पन्नाशीच्या, आवाज हळू, घाई म्हणून कशाची नाही. चौसष्ट पेशंट त्यांच्याकडे. सोमवारी आणि गुरुवारी सात जणांचा गट बसायचा, त्यात ताई. तिच्या समोरच्या खुर्चीत एक रिटायर झालेला बस कंडक्टर. त्याची सगळी भाषा पुसली गेली होती, फक्त 'पुढे चला' उरलं होतं. भूक लागली तरी "पुढे चला", रडू आलं तरी "पुढे चला". ताईला त्या माणसाचा असा काही राग यायचा की विचारू नका. तो बोलला की ही हात उडवायची, डोळे वटारायची, घशातून आवाज काढायची. मॅडम खूश. "येऊ दे राग. रागाबरोबर शब्द वर येतो," म्हणायच्या.

आठ महिने राग आला, शब्द काही आला नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो, कारण सगळं तिथेच बिनसलं.

अर्थसंकल्पाचे तक्ते त्या दिवशी बारा वाजता छपाईला जायचे होते. वरून हुकूम होता, तूट तीन टक्क्यांच्या वर दिसता कामा नये. आणि सीमाशुल्काचा आकडा काही येत नव्हता. तो येईपर्यंत शेवटच्या तक्त्यात एक्केचाळीस पूर्णांक तीन कोटींचं भोक. अशा वेळी खात्यात एक जुनी रीत आहे. भोकात तात्पुरती एक ओळ घालायची, म्हणजे तक्ता ढोबळ जुळतो आणि पुढची पानं तयार करता येतात. खरा आकडा आला की ओळ काढून टाकायची. तिला टेकू म्हणतात. टेकूचे नियम दोन. आकडा गोल हवा आणि अक्षरं लाल हवीत. म्हणजे चुकून राहिलाच तर कुणाच्याही डोळ्यांत खुपेल. दशांशने लाल अक्षरांत ओळ घातली, 'इतर काटकसर'. पुढे चाळीस लिहायला हवे होते. याच्याच्याने गोल आकडा लिहवला नाही. त्याने लिहिलं ४१.३.

साडेअकराला सीमाशुल्कवाल्यांचा आकडा आला, अपेक्षेपेक्षा पन्नास कोटी जास्त. म्हणजे आता टेकूची गरजच नव्हती. त्याने नवा आकडा भरला आणि टेकू काढायला ओळीवर गेला, तेवढ्यात फोन वाजला. बायको होती. केंद्रातून बोलत होती आणि हुंदके देत होती.

"अहो, ताई बोलल्या!"

"काय?"

"कंडक्टरवर ओरडल्या. 'गप' म्हणाल्या. स्पष्ट! आणि मग माझ्याकडे बघून 'धाकटा' म्हणाल्या. धाकटा, धाकटा, चारदा! तुम्हाला बोलावतायत. येताय ना?"

छप्पन्न ओलांडलेला माणूस, खुर्चीत बसल्या बसल्या रडला. मग डोळे पुसले, तक्त्याची बेरीज जुळते आहे का ते बघितलं (जुळतच होती, बेरजेला काय, ती कशाचीही होते), फाइल छपाईला पाठवली आणि जिना उतरून पळत सुटला. छपाई काळ्या शाईत होते. लाल ओळ काळी होऊन बाकीच्या ओळींत मिसळून गेली.

तिसऱ्या दिवशी मंत्र्यांनी सभागृहात भाषण केलं. तूट दोन पूर्णांक नऊ! बाकं वाजली. "आणि सन्माननीय सदस्यहो," मंत्री म्हणाले, "ही किमया केवळ काटकसरीने. एक्केचाळीस पूर्णांक तीन कोटींची काटकसर. आम्ही ढोबळ बोलत नाही, पै न् पै मोजून बोलतो." वरच्या गॅलरीत दशांशच्या तोंडचं पाणी पळालं.

तो तडक वित्त सचिवांकडे गेला. सचिव त्याच्याच वयाचे, त्याच्याच वर्षी लागलेले, अरेतुरेतले. त्याने सगळं सांगितलं. सचिवांनी आधी दार लावून घेतलं.

"चाळीस असता ना, तर मी स्वतः पकडला असता," ते म्हणाले. "एक्केचाळीस पूर्णांक तीन बघून मला वाटलं, तू हिशेब करून काढलायस. तुझा आकडा कोण तपासतो रे?"

"मग आता?"

"आता काय? मंत्र्यांनी सगळ्यांसमोर वाचला. आता तो तुझा राहिला नाही, सरकारचा झाला. खात्याखात्यांत वाटून टाकू. पेनं, पेन्सिली, गाड्यांचं पेट्रोल... करतील कुठेतरी कमी. कुणाला कळणारही नाही."

पेनं आणि पेन्सिली. दशांशला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं. मॅडमनी ताईला त्या आठवड्यात 'पाणी', 'नको', 'खिडकी' असे तीन शब्द आणून दिले होते, घरात आनंदीआनंद होता, आणि अशा दिवसांत माणसाला स्वतःच्या चुकीमागे हात धुऊन लागावंसं वाटत नाही. तो मूग गिळून बसला. त्या बसण्याचं मी समर्थन करणार नाही.

चार महिने बरे गेले. ताईचे शब्द तेवीसवर पोचले. बायकोने स्वयंपाकघराच्या दारामागे कागद लावला होता, त्यावर ती नवा शब्द लिहायची. 'साखर', 'मूर्ख', 'चष्मा'. मूर्ख हा शब्द कंडक्टरमुळे आला आणि ताई तो सढळ हाताने वापरायची. पेपरवाल्याला, शेजाऱ्याला, भावाला. "ताई, अहो निदान पाहुण्यांसमोर तरी," बायको म्हणायची, आणि ताई तिच्याकडे बघून ठासून "मूर्ख" म्हणायची. तिघंही हसत सुटायचे.

मग एका गुरुवारी तो ताईला आणायला गेला, तर केंद्राच्या दारावर कागद चिकटवलेला. 'काटकसर उपाययोजनेअंतर्गत हे केंद्र महिनाअखेर बंद करण्यात येत आहे.' खाली आरोग्यखात्याच्या वित्त अधिकाऱ्यांची सही. तो दारात तसाच उभा राहिला. आतून कंडक्टरचा आवाज येत होता, "पुढे चला", आणि त्यावर ताईचा.

आरोग्यखात्याची वित्त अधिकारी म्हणजे त्याचीच शिष्या. बारा वर्षांपूर्वी त्याच्या हाताखाली तयार झालेली, हुशार, आकड्याला पक्की. त्याला बघून ती उठून उभी राहिली.

"सर, तुम्ही कशाला आलात? मला बोलवायचं होतं."

त्याने कागदाबद्दल विचारलं. तिने मान हलवली आणि फाइल काढली. "आमच्या वाट्याला सहा पूर्णांक आठ कोटी आले, सर. पेट्रोल, छपाई, रंगकाम, सगळं कापून झालं, तरी शून्य पूर्णांक दोन उरले. मग तुम्ही शिकवलं होतंत तसंच केलं. ज्याची ओरड कमी त्याचा गळा धरायचा नाही; माणशी खर्च काढायचा आणि वरून खाली यायचं. वाचा-केंद्र सगळ्यांत वर आलं. एका पेशंटला तास तास लागतो."

"पण लोकांची हरकत..."

"मागवली होती ना. पंधरा दिवस. फोन नंबर छापला होता." तिने पान उलटलं. "एकही फोन आला नाही, सर."

आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. तिलाही त्याच क्षणी कळलं. ती लाल झाली आणि फाइलीतली पानं उगाच सारखी करायला लागली. नातेवाइकांनी तरी करायचा होता म्हणा, पण ती जाहिरात कुठे छापली होती देव जाणे. दशांशनेही ती वाचली नव्हती.

"हे नको," तो म्हणाला. "याच्या जागी दुसरं काही काढ."

तिने एक यादी त्याच्यासमोर सरकवली आणि पेन्सिल दिली. चिडून नाही, खरोखर मदत म्हणून दिली. "यातलं कुठलंही एक निवडा, सर. तुम्ही टिकलीएवढी खूण करा, मी आज बदलते."

यादीत पाच ओळी होत्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काचपेट्यांची दुरुस्ती. बेटांवर जाणारी रुग्णांची बोट. क्षयाच्या गोळ्या घरपोच देणारी माणसं. मनोरुग्णालयातली दुसरी पाळी. भाजलेल्यांच्या वॉर्डातल्या पट्ट्या. त्याने पेन्सिल धरली. बोटीवर नेली, कारण बोट सगळ्यांत लांबची वाटली. मग तिथे कोण बसतं ते डोळ्यांपुढे आलं. गोळ्यांवर नेली. परत आणली. वीस मिनिटं तो तसा बसला होता आणि शिष्या खिडकीबाहेर बघत होती. शेवटी त्याने पेन्सिल यादीवर आडवी ठेवली आणि उठला.

आता मात्र तो हट्टाला पेटला. त्याने टिपण लिहिलं, दोन पानी, स्वतःच्या सहीचं. 'सदर ओळ ही प्रत्यक्ष बचत नसून माझ्या नजरचुकीने तक्त्यात राहिली आहे. तशी गरजही उरलेली नव्हती. चूक संपूर्णपणे माझी आहे.' टिपण दुसऱ्या दिवशी परत आलं. कोपऱ्यात सचिवांच्या अक्षरात दोनच शब्द होते, 'चर्चा करावी'.

चर्चा झाली. सचिवांनी चहा मागवला.

"समज, हे मी वर पाठवलं," ते म्हणाले. "मंत्र्यांना सभागृहात उभं राहून सांगावं लागेल की आमचा तक्ता चुकला होता. पुढच्या महिन्यात कर्ज देणाऱ्यांची माणसं येतायत. अर्थखात्याला स्वतःची बेरीज येत नाही असं कळलं, तर ती व्याज किती वाढवतील? तू सांग."

दशांशने कप खाली ठेवला.

"अरे, सांग ना. तुझंच काम आहे ते."

"पाव टक्का," तो म्हणाला.

"म्हणजे वर्षाला किती?"

त्याला गणित करायला कागद लागत नसे. "एक्क्याण्णव पूर्णांक चार कोटी."

"ते कुठून काढायचे? बाळांच्या पेट्यांतून?" सचिवांचा आवाज दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. "तुझ्या जागी मी असतो तर मलाही हेच वाटलं असतं. पण तू आकडे बघणारा माणूस आहेस. तूच ठरव."

आणि हीच तर गोची होती. त्याने मनातल्या मनात सगळ्या बाजूंनी हिशेब करून पाहिला. पाव ऐवजी अष्टमांश धरून पाहिला. तरीही सचिवांचंच बरोबर निघत होतं. एकतीस वर्षं ज्या तराजूने त्याने दुसऱ्यांच्या मागण्या तोलून परत पाठवल्या, तोच तराजू समोर होता आणि त्यात ताई हलकी भरत होती. टिपणाची घडी करून त्याने खिशात घातली.

मंत्र्यांनाही तो भेटला, नाही असं नाही. लिफ्टमध्ये गाठलं. तोंड उघडतो न उघडतो तोच मंत्र्यांनी त्याचा खांदा थोपटला. "तुमच्या त्या एक्केचाळीस पूर्णांक तीनने नाक राखलं हो आपलं!" तिसरा मजला आला, मंत्री उतरले.

मग तो मॅडमकडे गेला. खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या, आरसा भिंतीवरून काढून गोणपाटात गुंडाळला होता. मॅडमची बदली झाली होती. दूरच्या जिल्ह्यात, जन्ममृत्यू नोंदणीत.

"घरी याल का हो तुम्ही, जाईपर्यंत? आणि नंतर सुट्टीच्या दिवशी? लागतील तेवढे पैसे देतो." असं बोलताना त्याला स्वतःची लाज वाटत होती, तरी तो बोलला.

"मला खाजगी करायची परवानगी नाही. सरकारच्या खर्चाने शिकले मी." मॅडम चित्रांचे पुठ्ठे खोक्यात भरत होत्या. "आणि केलं तरी काय होणार? तुमच्या ताई माझ्याशी बोलतात असं वाटतं तुम्हाला? त्या कंडक्टरशी भांडतात. ते भांडण मी तुमच्या घरी कुठून आणू?"

"मी सगळ्यांना माझ्या घरी बोलावतो."

"बोलवा," त्या म्हणाल्या. "खरंच बोलवा. मात्र थांबू नका. या वयात पुसायला लागलं की फार भराभर पुसतं." मग त्यांनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. "एक विचारू? तुम्ही अर्थखात्यात आहात ना? वर कुणाला तरी सांगता नाही येणार?"

त्याने एक पुठ्ठा उचलून खोक्यात ठेवला. "बघतो," म्हणाला.

त्याने खरोखर बोलावलं. पहिल्या सोमवारी बैठकीच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या. सातांपैकी चौघं आली. कंडक्टर आला, त्याच्या सुनेने दोन बस बदलून आणला. सगळी एकमेकांकडे बघत बसली. मॅडम कुठल्या वेळी कुणाकडे वळायच्या, कुणाला टोचायच्या, कुणाला थांबू द्यायच्या, ते कुणाला येत नव्हतं. दशांशने चित्र धरलं आणि लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं, "हे काय आहे?" ताईने त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने चित्र खाली ठेवलं. दुसऱ्या सोमवारी तिघं आली. तिसऱ्या सोमवारी सुनेचा फोन आला, कामाला सुट्टी मिळत नाही, जमणार नाही. ताई त्या दिवशी दाराकडे तोंड करून साडेसहापर्यंत बसून होती.

मग शब्द जायला लागले. आधी मागाहून आलेले गेले, 'चष्मा', 'साखर'. बायको संध्याकाळी तिला घेऊन बसायची. आरशासमोर ओठ कसे करायचे ते दाखवायची, रागवायची, मिनत्या करायची, शेवटी स्वतःच रडायची. "खिडकी म्हणा ना हो ताई. गेल्या आठवड्यात म्हणत होतात." ताई ओठ पुढे करायची. 'खि' यायचा आणि पुढे नुसती फुंकर. दारामागच्या कागदावरचे शब्द बायकोने काही खोडले नाहीत. एक दिवस कागदच काढून ठेवला. 'मूर्ख' बरेच दिवस टिकला. एका सकाळी पेपरवाला आला, ताईने तोंड उघडलं, आणि तोही नव्हता. पेपरवाला बिचारा हसतमुख उभाच होता, शिवी खायला.

वर्ष संपलं. वर्षअखेरचा अहवाल दशांशच्याच टेबलावर आला. 'इतर काटकसर : उद्दिष्ट ४१.३, साध्य ४१.३.' समोर टीप, उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण, अभिनंदनास पात्र. खाली सल्लागाराच्या सहीची जागा. नव्या वर्षाच्या तक्त्यात तीच ओळ कारकुनाने आपसूक पुढे ओढली होती, नेहमीप्रमाणे पाच टक्के वाढवून. ४३.४. आता ती कुणी काढू म्हणता निघणार नव्हती. गेल्या वर्षी होती म्हणून यंदा, यंदा आहे म्हणून पुढच्या वर्षी. दशांशने तपासलं. ४१.३वर पाच टक्के वाढ म्हणजे ४३.३६५, बरोबर होतं. त्याने सही केली. नसती केली तर दुसऱ्याने केली असती, हे खरं, पण केली त्याने.

त्या दिवशी तो दुपारीच घरी आला. बायको बाहेर गेली होती. ताई खिडकीशी बसली होती, अंगावर शाल. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा, आणि म्हणाला, "ताई, तुझं केंद्र माझ्यामुळे बंद झालं."

तिने मान वळवली.

मग त्याने सगळं सांगितलं. टेकू म्हणजे काय ते सांगितलं, लाल अक्षरं सांगितली, सचिव, यादी, पेन्सिल, पाव टक्का, आजची सही. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की वर्षभरात आपण हे ज्याला ज्याला सांगायला गेलो त्याने आपली समजूत काढली. कुणी खांदा थोपटला, कुणी चहा पाजला. चूक तुझी, असं म्हणायला एक माणूस तयार नाही. ही म्हणेल. हिने आयुष्यात त्याची एक चूक सोडली नव्हती.

"बोल," तो म्हणाला. "शिव्या दे. काय वाटेल ते म्हण, ताई. पण म्हण."

ताईला सगळं कळलं होतं. ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. ती खुर्चीत पुढे सरकली. दोन्ही हातांनी तिने त्याचा चेहरा धरला, घट्ट, गालांत बोटं रुतली. तोंड उघडलं. मानेच्या शिरा वर आल्या, हनुवटी थरथरली, ओठ जुळले, सुटले, परत जुळले. काहीतरी होतं तिच्याकडे, मोठं, लांबलचक, अगदी ओठांपर्यंत आलेलं. तो श्वास धरून बसला. रागाचं असेल तर रागाचं, मायेचं असेल तर मायेचं. त्याला दोन्ही चालणार होतं, एवढंच की ते कुठलं आहे ते कळायला हवं होतं. नुसती हवा येत होती, गरम, त्याच्या तोंडावर.

कुलपात किल्ली फिरली. बायको आत आली आणि हातातली पिशवी तशीच धरून दारात थांबली.

"काय झालं? काय म्हणतायत ताई?"

"कळत नाही," तो म्हणाला.

ताईने अजून एकदा प्रयत्न केला.